तपासणी अहवाल आल्यावर घरमालकाशी दुरुस्तीची बोलणी कशी करावीत?

शेवंती

वापरलेलं घर घेतोय. दोन मजली, साधारण पंचवीस वर्षांचं, वर गच्ची. किंमत ठरली, इसार दिला. करारात अट घालून घेतली आहे की आम्ही तज्ज्ञाकडून घर तपासून घेऊ आणि मुदतीत समाधान झालं नाही तर इसार परत घेऊन बाजूला होऊ. तपासणी झाली आणि अहवाल हातात आला. वाचून छातीत धस्स झालं.

वरच्या न्हाणीघराखालच्या छताला ओलीचा मोठा डाग आहे. हॉलच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा गेलाय. गच्चीवर एका कोपऱ्यात पाणी साचतं. मुख्य वीजफलकावर आरसीसीबी (शॉक लागला की वीज तोडणारं उपकरण) नाही. एका चौकटीत वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्या. शिवाय दारं घासतात, एक खिडकी लागत नाही, गिझर जुना आहे, रंगाचे पोपडे सुटलेत, अशा बारीकसारीक नोंदी पानोपानी आहेत.

मालक वयस्कर जोडपं आहे, मुलीकडे राहायला जाणार आहेत. बोलायला अतिशय चांगले. पण ते म्हणतात, "किंमत आम्ही आधीच कमी केली, घर आहे तसं घ्या." एजंट म्हणतो, फार ताणलंत तर व्यवहार फिसकटेल. घर आम्हाला मनापासून आवडलंय. मुदत संपायला आठवडाभर आहे.

यातलं काय मागावं आणि काय सोडून द्यावं? दुरुस्ती त्यांच्याकडून करून घ्यावी की पैसे वळते करून घ्यावेत? अनुभवी मंडळींनी कृपया सांगा.

विटकाम

शेवंती, बोलणी सुरू करण्याआधी एक काम करा. अहवालात लिहिलेलं असतं ते लक्षण. मागणी कारणाची करायची असते. "छतावरचा डाग दुरुस्त करा" असं लिहून दिलंत तर मालक त्यावर रंग मारून देतील आणि शब्दशः तुमची मागणी पूर्ण झालेली असेल.

डागामागे तीन शक्यता आहेत. पुरवठ्याची लाइन गळत असेल, सांडपाण्याची गळत असेल, किंवा फरशीखालचं वॉटरप्रूफिंग गेलं असेल. तिन्हींच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे. घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरकडे बघा. काटा हलत असेल तर दाबाखालची लाइन कुठेतरी गळतेय. काटा स्थिर असेल तर मालकांच्या परवानगीने न्हाणीघराच्या जाळीचं तोंड बंद करा, फरशीवर दोन-तीन सेंटिमीटर पाणी भरून २४ तास ठेवा आणि खालून बघा. ओल वाढली तर वॉटरप्रूफिंग. वाढली नाही पण पाणी सोडून दिल्यावर किंवा फ्लश केल्यावर वाढली तर सांडपाण्याचा सांधा. एखादा जाणता प्लंबर एका दिवसात याचा छडा लावतो.

हा डाग नुसता दिसण्याचा प्रश्न नाही, म्हणून यावर जोर देतोय. चांगल्या काँक्रीटचा पीएच (आम्ल-अल्क मोजायचं माप) १२ ते १३ असतो आणि त्या अल्कधर्मी वातावरणात सळईला गंज चढत नाही. वर्षानुवर्षांत हवेतला कार्बन डायऑक्साइड आत झिरपत जातो आणि हा पीएच ९ च्या आसपास येतो. मग सळईचं संरक्षण संपतं. त्यात वरून पाणी मिळत राहिलं की गंज धरतो, आणि गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत होऊ शकतं. तो आतून काँक्रीट ढकलतो, खपल्या पडतात, सळ्या उघड्या पडतात. त्या डागाच्या भोवती छताला हलके ठोकून बघायला सांगा. भरीव आवाज आला तर गळती बंद करून भागेल. पोकळ आवाज आला तर स्लॅबची दुरुस्ती धरावी लागेल, आणि तुमचा मागणीचा आकडा पूर्ण वेगळा होईल.

तड्याबद्दल. खिडकीच्या कोपऱ्यातून निघणारे तिरके तडे फार घरांत असतात, कारण भिंतीतला ताण तिथेच एकवटतो. केसाएवढा बारीक आणि गिलाव्यापुरताच असेल तर सोडून द्या. पण एका टोकाला रुंद आणि दुसरीकडे निमुळता असेल, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी चढला असेल, आत-बाहेर एकाच जागी दिसत असेल, किंवा रुंदी ५ मिलिमीटरच्या पुढे असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवाच. तडा वाढतोय का हे खरं तर काही महिने मोजून ठरतं. तेवढा वेळ तुमच्याकडे नाही. मग तड्याच्या आत बघा. आत जुना रंग उतरलेला असेल, धूळ बसलेली असेल, कडा बोथट असतील तर तो जुना आहे. कडा धारदार आणि आतला भाग स्वच्छ असेल तर अलीकडचा.

घर तपासणारा माणूस काहीही न फोडता, वरवर दिसतं तेवढं बघतो. त्याने "पुढील तपासणी आवश्यक" लिहिलं असेल तिथे ती करून घ्या. त्याशिवाय मालकांपुढे आकडा ठेवू नका.

रोखठोक

माझं मत सरळ आहे. डाग मालकांना दिसत नव्हता का? मग तो आधी सांगायला हवा होता. जे जे मोडकं आहे ते सगळं त्यांनी त्यांच्या खर्चाने दुरुस्त करून द्यावं. घर घेणारा माणूस आयुष्यभराची कमाई घालतो. त्याने का म्हणून सोडून द्यायचं? अख्खा अहवाल त्यांच्यापुढे ठेवा आणि सांगा, हे झालं की पुढचं बोलू.

ओसरी

रोखठोक, तुमची कळकळ पटते, पण मी दुसऱ्या बाजूला बसले होते म्हणून लिहिते. आईच्या पश्चात तिचं घर आम्ही विकलं. पहिल्या गिऱ्हाइकाने अहवाल जसाच्या तसा पाठवला आणि खाली एक ओळ, "वरील सर्व दुरुस्त्या करून द्याव्यात." त्यात गच्चीच्या गळतीशेजारी स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरची कडी होती. आईने चाळीस वर्षं जपलेल्या घरावर कुणीतरी लाल शाईने शेरे मारल्यासारखं वाटलं. भाऊ चिडला आणि बोलणं तिथेच थांबलं. गच्ची खरोखर गळत होती आणि आम्हाला ते मान्यही होतं, पण त्या यादीत ती मुद्द्याची गोष्टच हरवून गेली.

दुसऱ्या कुटुंबाने एकच पान दिलं. मोजके मुद्दे, प्रत्येकाचा फोटो, आणि गच्चीसाठी दोन वेगवेगळ्या ठेकेदारांची लेखी अंदाजपत्रकं. खाली लिहिलं होतं की बाकीच्या लहान गोष्टी आम्ही आमच्या आम्ही करून घेऊ. ते वाक्य वाचून भाऊ मवाळ झाला. शेवंती, जे सोडून देताय तेही लिहून कळवा. मनातल्या मनात सोडलंत तर समोरच्याला ते कळत नाही.

आणि त्या आजी-आजोबांना खरी अडचण कदाचित पैशांची नसेल. सामान हलवायच्या धांदलीत मजूर, धूळ, तोडफोड नको असेल. आम्हालाही तेच नको होतं.

हिशेबनीस

गृहकर्जाच्या कामात बरीच वर्षं आहे, म्हणून पैशांच्या बाजूने लिहितो. मालकांनी दुरुस्तीचा भार उचलायचा तर वाटा वेगवेगळ्या आहेत आणि तुमच्या खिशावर त्यांचा परिणाम सारखा होत नाही.

समजा घराची किंमत १०० आहे, कर्ज ८० टक्के, आणि दुरुस्तीला ३ लागणार आहेत. मालकांनी किंमत ३ ने कमी केली तर वाटतं की हिशेब मिटला. पण कर्ज किमतीच्या ८० टक्केच मिळणार, म्हणजे तेही २.४ ने कमी होतं. तुमच्या हातात आज वाचतात फक्त ०.६. उरलेला फायदा पुढची वीस वर्षं हप्त्यातून थोडा थोडा मिळणार. न्हाणीघर मात्र पहिल्याच महिन्यात फोडायचंय आणि तिथे ३ रोख लागणार.

त्याऐवजी किंमत तीच ठेवून व्यवहार पूर्ण होताना मालकांच्या पैशांतून ३ तुमच्याकडे वळते झाले तर दुरुस्तीचा खर्च भागतो. म्हणून ज्यांची गंगाजळी आगाऊ रकमेतच संपते त्यांना वळते पैसे सोयीचे. ज्यांच्याकडे रोख आहे त्यांना किंमत कमी करून घेणं बरं, कारण कर्ज, व्याज आणि किमतीवर आकारले जाणारे कर सगळंच खाली येतं.

दोन गोष्टी सांभाळा. वळती रक्कम कर्ज देणाऱ्या संस्थेला आधी दाखवा आणि करारात लिहा. बऱ्याच संस्था तिच्यावर मर्यादा घालतात, काही ती धरून कर्जाची रक्कम पुन्हा काढतात. आणि "कागदावर नको, आपापसात देतो" असं कुणी म्हणालं तर स्पष्ट नकार द्या. कर्जदात्यापासून लपवलेला व्यवहार तुमच्याच अंगाशी येईल.

आणखी एक वाट आहे. काम आत्ता होऊ शकत नसेल तर मालकांच्या रकमेतला काही भाग त्रयस्थाकडे अडकवून ठेवायचा आणि काम झाल्यावर मोकळा करायचा. साधारणपणे अंदाजाच्या सव्वा ते दीडपट रक्कम ठेवतात, कारण फोडल्यावर आत काय निघेल ते कुणालाच ठाऊक नसतं.

फेज_न्यूट्रल

आरसीसीबीची नोंद बाकीच्या गर्दीत घालू नका, ताई. एमसीबी, म्हणजे जास्त प्रवाह गेला की पडणारा स्विच, तारांना वाचवतो, माणसाला नाही. शॉक लागताना शरीरातून जाणारा प्रवाह एमसीबीच्या लेखी नगण्य असतो, तो पडतच नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी जाणारा आणि परत येणारा प्रवाह ताडून बघतो आणि फरक पडला की सेकंदाच्या लहानशा अंशात पुरवठा तोडतो. ३० च्या वरचा प्रवाह थोडा वेळ जरी छातीतून गेला तरी हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून तो आकडा.

नुसतं उपकरण बसवून घ्या असं मात्र मागू नका. अर्थिंग मोजून घ्या. पंचवीस वर्षांपूर्वीच्या घरात अर्थची तार प्रत्येक पॉइंटपर्यंत पोचलेलीच असते असं नाही. कुठे नुसतंच भोक असलेलं सॉकेट असतं, मागे तार नाही. जुन्या वायरिंगमध्ये कुठे न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडलेले असतील तर नवा आरसीसीबी सारखा पडत राहील, आणि मग कुणीतरी वैतागून तो काढून टाकेल. म्हणजे मूळ प्रश्न तसाच.

माझा सल्ला, विजेच्या कामाचे पैसे घ्या आणि काम स्वतः करून घ्या, पण राहायला जाण्याआधी. भिंतीत खाचा पाडायला रिकामं घर लागतं.

शेवंती

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! ओसरीताई, सामान हलवण्याचं डोक्यातच आलं नव्हतं. घरमालकीण काकूंना फोन केला तर त्या तेच म्हणाल्या, गुडघे दुखतात, घरात कामगार नकोत.

प्लंबरला नेलं. मीटर स्थिर होता. पाणी भरून ठेवलं तेव्हा खालची ओल वाढली, म्हणजे वॉटरप्रूफिंगच. छत ठोकून बघितलं, डागाच्या मध्यभागी ताटाएवढ्या भागात पोकळ आवाज येतो. इंजिनिअरने तडा बघितला. आत जुना रंग आहे, गिलाव्यापुरताच आहे, काळजीचं नाही असं लिहून दिलं. तो मुद्दा आम्ही काढून टाकलाय.

वाळवीचं कळत नाही. मालक म्हणतात जुनी आहे, मागेच फवारणी केली होती.

विटकाम

तडा काढून टाकलात हे उत्तम केलंत, आणि पत्रात तसं लिहा. तपासून निष्कर्ष निघाल्यावर एक मुद्दा मागे घेतलात हे दिसलं की उरलेल्या मुद्द्यांचं वजन वाढतं.

वाळवीसाठी त्या मातीच्या नळीचा बोटभर तुकडा मधूनच मोडा आणि बाकीची तशीच ठेवा. आत पांढरट किडे फिरताना दिसले तर प्रश्नच मिटला. दिसले नाहीत तर दोन-चार दिवसांनी परत बघा. तुटलेला भाग पुन्हा बांधला गेला असेल तर वाळवी जिवंत आहे. कोरडाच राहिला तर मालकांचं म्हणणं बहुधा खरं. पण तेवढ्यावर खात्री धरू नका, कधी वाळवी ती वाट सोडून दुसरी धरते. चौकटीचं लाकूड पेचकसाच्या टोकाने दाबून बघा आणि फवारणीची पावती मागा.

अहवालात ओलीचे आकडे दिले असतील तर त्यांच्यावर वाद घालू नका. टोचायचे मीटर लाकडासाठी प्रमाणित केलेले असतात, गिलाव्यावर त्यांचा आकडा फक्त तुलनेसाठी. भिंतीत क्षार असले तरी तो जास्त येतो. मालकांचा ठेकेदार हे जाणत असेल तर एका वाक्यात तुमचा पुरावा मोडीत काढेल. पाणी भरून केलेल्या चाचणीचे आधीचे आणि नंतरचे फोटो हा त्याहून कितीतरी भक्कम पुरावा आहे. थर्मल कॅमेऱ्याचंही तसंच. तो तापमान दाखवतो, पाणी नाही.

रोखठोक

पण मालकच दुरुस्ती करून देत असतील तर बरं नाही का? पैसे घेतले आणि खर्च जास्त निघाला तर तोटा घेणाऱ्याचाच.

मधुमालती

प्रश्न रास्त आहे. खर्च वाढण्याचा धोका पैसे घेतले की तुमच्याकडे येतो, हे खरंच. पण घर सोडून चाललेल्या माणसाला ती दुरुस्ती दहा वर्षं टिकावी असं वाटण्याचं कारण उरलेलं नसतं. त्यात वाईट हेतू लागत नाही. तो जवळचा, स्वस्त आणि ताबडतोब मिळणारा माणूस बोलावणार. कोणती रसायनं, किती थर, काँक्रीटच्या खपल्या काढल्या की वरून लेप दिला, यातलं काहीच तुमच्या हातात राहत नाही. म्हणून वॉटरप्रूफिंगसारखं झाकलं जाणारं काम शक्यतो स्वतःच्या देखरेखीखाली करावं. खर्च वाढण्याच्या धोक्यावर उपाय म्हणजे हिशेबनीसांनी सांगितलेली अडकवलेली रक्कम.

काही कामं मात्र मालकांनीच करायची असतात. परवानगीशिवाय बांधलेली खोली किंवा बंदिस्त केलेली बाल्कनी नियमित करायची असेल तर अर्जावर सही मालकाचीच लागते, आणि व्यवहारानंतर ती जबाबदारी तुमची होते. त्यांच्या नावाने हमी चालू असलेली वस्तू, वॉटरप्रूफिंगची जुनी हमी, विम्याचा दावा, हेही तेच करू शकतात. कर्ज देणाऱ्याने किंवा विमा कंपनीने अमुक दुरुस्ती झाल्याशिवाय पुढे जाणार नाही असं लिहिलं असेल तर तीही आधीच व्हायला हवी.

कागदपत्रांच्या कामात असल्याने आणखी एक सांगते. दोष नंतर लक्षात आला तर कायद्याने दाद मागता येईल यावर विसंबू नका. डोळ्यांना दिसणारा दोष आणि लपलेला दोष यांत कायदा सहसा फरक करतो. अहवालात नोंदलेला दोष तुम्हाला माहीत होता, तो मान्य करून घर घेतलंत असंच धरलं जाण्याची शक्यता मोठी. त्यामुळे या आठवड्यात जे बोलायचं ते लेखी बोला. आणि मुदत अपुरी पडतेय असं वाटलं तर ती संपण्याआधीच वाढवून घ्या, दोन्ही बाजूंच्या सहीने. संपल्यावर वाढवायला तुमच्याकडे काहीच उरत नाही.

गवाक्ष

आम्ही अशाच टप्प्यावर माघार घेतली होती, तेही सांगतो. आमच्या इंजिनिअरचं म्हणणं पडलं की घराचा एक कोपरा खचतोय आणि खात्री करायला पायाजवळ खड्डा खणून बघावं लागेल. मालकांनी खणू दिलं नाही. पैसे कमी करायला ते तयार होते, चांगले भरपूर. पण कारणच माहीत नसताना किती कमी केले म्हणजे पुरे, हे ठरवता येत नव्हतं. इसार परत घेतला. घर सुंदर होतं, आजही आठवतं. शेवंती, तुमच्याकडे तसलं काही दिसत नाही, म्हणून धीराने घ्या.

शेवंती

धन्यवाद गवाक्ष, खूप बरं वाटलं वाचून. नळी मोडून बघितली होती. ती कोरडीच राहिली, लाकूडही टणक आहे, आणि काकांनी फवारणीची पावती शोधून दिली. तोही मुद्दा संपला.

पत्राचा मसुदा लिहिलाय. निःसंकोच सुधारणा सांगा.

"सप्रेम नमस्कार. घर आम्हाला मनापासून आवडले आहे. तपासणीत काही गंभीर आणि धक्कादायक बाबी उघड झाल्या असून त्यांची आम्हाला पूर्वकल्पना देण्यात आली नव्हती. वरच्या न्हाणीघराचे वॉटरप्रूफिंग निकामी झाले असून स्लॅबचे नुकसान झाले आहे. गच्चीचा उतार चुकीचा आहे. वीजव्यवस्था अत्यंत धोकादायक आहे. तरी या तिन्हींसाठी योग्य ती भरपाई मिळावी ही विनंती."

ओसरी

शेवंती, "धक्कादायक" आणि "पूर्वकल्पना देण्यात आली नव्हती" काढून टाक गं. त्या दोन शब्दप्रयोगांनी काका-काकू आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहतात. त्यांना खरंच माहीत नसेल की खालचं काँक्रीट पोकळ झालंय. आणि "योग्य ती भरपाई" म्हणजे किती? आकडा त्यांच्यावर सोडलास तर ते अर्थातच लहान धरतील, मग तू नाराज होशील आणि ते गोंधळतील.

हिशेबनीस

अनुमोदन. एकच एकूण आकडा द्या आणि खाली तो कसा आला ते. प्रत्येक कामाची दोन अंदाजपत्रकं जोडा. मधला आकडा धरा, सगळ्यात मोठा नको. गच्चीचा उतार मुळातून सुधारायचा की फक्त साचणाऱ्या कोपऱ्यात भर घालायची, यात फरक आहे. पाऊस थांबल्यावर ४८ तासांनंतरही पाणी उभं राहत असेल तर तो दोष धरतात. त्याआधी वाळत असेल तर मी तो मुद्दा लावून धरणार नाही.

उत्तराची तारीख लिहा, आणि ती तुमच्या मुदतीच्या किमान दोन दिवस आधीची ठेवा. मसुदा पाठवण्याआधी नवरा-बायकोने बसून मनाशी एक किमान आकडा ठरवा, ज्याच्या खाली गेलं तर घर सोडायचं. तो कुणालाही सांगू नका, एजंटलाही नाही. एजंटचं मानधन व्यवहार झाला तरच मिळतं हे ध्यानात असू द्या.

मधुमालती

अहवालाची फक्त संबंधित पानं जोडा. आणि "धोकादायक"ऐवजी काय नाही ते लिहा: आरसीसीबी नाही, अमुक खोल्यांत अर्थची तार नाही. विशेषणावर वाद होतो, मोजमापावर होत नाही.

शेवंती

नवा मसुदा पाठवला:

"सप्रेम नमस्कार. घर आम्हाला आवडले आहे आणि व्यवहार ठरल्या तारखेला पूर्ण करण्याची आमची इच्छा आहे. तपासणीनंतर खिडकीजवळचा तडा आम्ही इंजिनिअरना दाखवला आणि चौकटीतील वाळवी तपासून पाहिली. दोन्हींबाबत आमची काही मागणी नाही. दारे, खिडक्या, गिझर, रंग ही कामे आम्ही आमच्या खर्चाने करू. दोन गोष्टींचा भार मात्र आम्हाला एकट्याने पेलणारा नाही. वरच्या न्हाणीघराचे वॉटरप्रूफिंग व त्याखालील स्लॅबचा पोकळ भाग, आणि अर्थिंगसह आरसीसीबी. चाचणीचे फोटो व प्रत्येकी दोन अंदाजपत्रके सोबत जोडली आहेत. आपल्याला घरात कामगारांचा त्रास नको, म्हणून ही रक्कम व्यवहाराच्या वेळी वळती करून द्यावी आणि कामे आम्ही ताबा घेतल्यावर करू, असे सुचवतो."

गच्ची वगळली, पाणी दुसऱ्या दिवशी वाळतं असं शेजाऱ्यांनीही सांगितलं. खाली आकडा आणि उत्तराची तारीख आहे.

आज उत्तर आलं. काकांनी न्हाणीघराच्या निम्म्या रकमेची तयारी दाखवली. विजेचे पैसे देणार नाहीत म्हणाले, पण त्यांच्या ओळखीच्या वायरमनकडून काम करून देतो म्हणाले, ते निघाल्यानंतर आणि आमच्या ताब्याआधी. निम्मी रक्कम आमच्या किमान आकड्याच्या थोडी खाली आहे. काय करावं?

ओसरी

दार उघडं ठेवलंय त्यांनी. मी असते तर समोर जाऊन बसले असते, फोनवर नाही. स्लॅबचा पोकळ भाग त्यांना प्रत्यक्ष ठोकून ऐकवला असता. आकड्यापेक्षा तो आवाज लवकर पटतो.

आणि पैशांखेरीज काय हवंय तेही विचार. त्यांना सामान हलवायला आणखी दिवस हवे असतील तर तू देऊ शकतेस. आमच्या बाबतीत त्या कुटुंबाने पंधरवडा वाढवून दिला आणि आम्ही गच्चीची पूर्ण रक्कम मान्य केली.

फेज_न्यूट्रल

त्यांचा वायरमन असला तरी हरकत नाही, विजेचं काम मोजता येतं. परवानाधारक आहे का बघा. काम झाल्यावर तुमच्या माणसाकडून अर्थिंगची मोजणी आणि आरसीसीबीची उपकरणाने चाचणी करून घ्या. नुसतं चाचणीचं बटण दाबलं की पडतो, त्यावरून आतली यंत्रणा चालते एवढंच कळतं. अर्थ आहे की नाही ते बटण सांगत नाही.

शेवंती

काल जाऊन भेटलो. काका शिडीवर चढू शकत नाहीत, म्हणून त्यांच्या जावयांनी छत ठोकून बघितलं आणि तेच काकांना म्हणाले की हे करायलाच हवं होतं. काकूंनी स्वतःहून विचारलं, ताबा तीन आठवडे पुढे ढकलता येईल का. आम्हाला चालण्यासारखं आहे. न्हाणीघराची पाऊण रक्कम वळती करून देणार आणि विजेचं काम ते करून देणार, असं ठरलं. किमान आकड्याच्या वर आहे. आता मधुमालतीताई, हे लिहून कसं घ्यायचं?

मधुमालती

अभिनंदन! मूळ कराराला पुरवणी जोडा, सगळ्या मालकांच्या आणि तुमच्या सह्यांसह. घर दोघांच्या नावावर असेल तर काकूंचीही सही हवी. वळत्या रकमेचा आकडा अक्षरी आणि अंकी लिहा आणि कर्जदात्याची संमती आधी घ्या.

विजेच्या कामासाठी "वीजदुरुस्ती करून देणे" एवढं पुरत नाही. ३० मिलिअँपिअर आरसीसीबी, कोणत्या खोल्यांत अर्थची तार, परवानाधारक वायरमन, बिल आणि चाचणीचा दाखला तुमच्या नावे किंवा हस्तांतर करता येईल असा, आणि भिंतीतल्या खाचा बुजवण्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो. काम ताब्याच्या किमान पाच दिवस आधी पूर्ण व्हावं आणि तुमच्या माणसाला तपासायला मिळावं, असं कलम घाला. वेळेत झालं नाही किंवा चाचणीत उतरलं नाही तर अंदाजपत्रकातली रक्कम आपोआप वळती होईल, हेही तिथेच लिहा. मग ताब्याच्या दिवशी दारात उभं राहून वाद घालावा लागत नाही.

तीन आठवडे ते राहणार आहेत त्या काळाचं पाणी-वीज बिल कोणाचं आणि त्या दरम्यान काही नवीन बिघडलं तर जबाबदारी कोणाची, याची एक ओळ टाका. ओल असलेलं न्हाणीघर तेवढे दिवस वापरलं जाणार आहे. शक्य असेल तर खालचं वापरा अशी विनंती करा, म्हणजे पोकळ भाग वाढणार नाही.

विटकाम

ताईंच्या यादीत माझी एक भर. स्लॅबचं काम कराल तेव्हा पोकळ काँक्रीट पूर्ण काढून सळ्या मागपर्यंत मोकळ्या करायला सांगा, गंज घासून काढल्यावर सळईची जाडी मोजा आणि मगच लेप. जाडी बरीच घटली असेल तर जोड सळई द्यावी लागते. आणि खालून हात लावण्याआधी वरचं वॉटरप्रूफिंग पूर्ण करून २४ तास पाणी भरून बघा. क्रम उलटा झाला तर खालचं काम दुसऱ्यांदा करावं लागेल.

शेवंती

विटकाम काका, क्रम लिहून घेतला. पुरवणीचा मसुदा उद्या वकिलांकडे जातोय, पाणी-वीज बिलाची ओळ त्यात घातली आहे. काकू खालचंच न्हाणीघर वापरतील म्हणाल्या, तसंही जिना चढायला त्यांना त्रास होतो.